अकराव्या सेकंदाचा श्वास

"पयलं इंग्रजीत वाच, मंग मराठीत सांग," असं म्हणत धाऊ मास्तरनं चार पानी कागद माझ्या काउंटरवर ठेवला आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर आपलं चष्म्याचं घर ठेवलं.

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. वीस वर्षं लोकांचे कागद वाचतो आहे, त्यामुळे कागद हातात घेतला की अंदाज येतो. हा कागद जाड होता, माथ्यावर नक्षीदार अक्षरं होती आणि तळाला दोन वकिलांची नावं होती. आनंदाच्या बातमीला कोणी दोन वकील लावत नाही.

मी इंग्रजीत वाचलं. धाऊ डोळे मिटून ऐकत होता. त्याला इंग्रजी येत नाही, पण काहीही आधी चालीनं ऐकायचं आणि अर्थाला मागून बोलवायचं ही त्याची जुनी खोड. वाचून झालं तेव्हा तो म्हणाला, "चाल काय बरी नाय." मग मी मराठीत सांगितलं. पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीत त्यानं क्लॅरिनेटवर जी चाल वाजवली, ती चेक देशातल्या फ्रान्तिशेक व्होंद्रा नावाच्या माणसाची आहे. माणूस वारला, पण त्याची मुलगी आहे आणि चालीचे हक्क तिच्याकडे आहेत, हा कागद तिच्याच वकिलांचा. धाऊनं ती चाल स्वतःची आहे असं सांगून दिली, तसा त्याच्या सहीचा कागद आहे. पंधरा दिवसांत त्यानं ही फसवणूक लेखी कबूल करावी, म्हणजे प्रकरण मिटेल. नाहीतर नुकसानभरपाई चाळीस लाख.

चाळीस लाख ऐकून माणूस निदान खाली तरी बसतो. धाऊ उभाच होता.

"मुलगी हाय म्हणतोस?" त्यानं विचारलं.

"हाय म्हणतायत."

"मंग सुनिल बेवारस कसा म्हणाला?"

हा प्रश्न कागदात नव्हता.

धाऊ मास्तरचा बँड म्हणजे चौदा माणसं, चौदा लाल कोट आणि एक हातगाडी. भातशेती घरची, बँड लग्नसराईचा. त्याच्या दोन वह्या माझ्याकडे असतात, कारण त्याच्या बँडात हिशेबाला उभा राहील असा माणूस नाही आणि माझ्या दुकानात वाजवू शकेल असा. एक वही सुपाऱ्यांची: कोणाचं लग्न, कुठल्या गावी, इसार किती. दुसरी चालींची. तिच्यात तीन रकाने. चाल कोणती, वाजवायची कधी, आणि आली कोणाकडून. तिसरा रकाना धाऊच्या लेखी सगळ्यात मोठा. "हळदीची दुसरी चाल, सरळगावच्या जैतू मास्तरकडून, बदल्यात क्लॅरिनेटच्या दोन रीड दिल्या." असल्या दीडशेवर नोंदी. दुसऱ्या मास्तरची चाल पहिल्यांदा वाजवली की त्याच्या घरी नारळ पाठवायचा हा जुना रिवाज. बाकीच्या बँडांनी तो कधीच गुंडाळून ठेवला, मोबाइलवरून चाल उचलली की नारळ कोणाला द्यायचा? धाऊ अजून पाठवतो. मी त्याला चिडवायचो, की मास्तर, तुझ्या अर्ध्या सुपाऱ्या नारळवाल्याच्या घरात जातात. तो म्हणायचा, "जाऊं दे. बाप लावल्याशिवाय चाल वाजत नाय आपल्याला."

सुनिल त्याचा भाचा, म्हणजे बहीण भिमाचा मुलगा. भिमा किन्हवलीला दिली. सुनिल सात वर्षांचा असताना तिचा नवरा गेला. त्याला मामानं वाढवलं, शहापूरला शाळा आणि कॉलेज केलं. क्लॅरिनेट शिकवायचाही प्रयत्न केला, पण पोराच्या फुंकीत दम नव्हता. कान मात्र पक्का निघाला. चौदा जणांत कोण पाव मात्रा मागे आहे ते हा आठवीतला पोरगा डोळे मिटून सांगायचा. त्या कानावरच त्याला पुढं अंधेरीच्या ऑफिसात नोकरी लागली.

नोकरी काय, ते त्यानंच एकदा मला आणि धाऊला माझ्या दुकानात चहा पिता पिता समजावून सांगितलं होतं. युरोपातल्या संगीताच्या कंपन्यांचं हे ऑफिस इथलं मुखत्यार. कोणाला सिनेमात, मालिकेत, जाहिरातीत किंवा मोबाइलच्या खेळात तिकडचा एखादा तुकडा हवा असेल, तर परवाना यांच्याकडून घ्यायचा. परवानग्या दोन लागतात. एक ज्यानं चाल बांधली त्याच्या वारसांची, दुसरी ज्याच्याकडे रेकॉर्डिंग आहे त्याची. मग किती सेकंद, किती महिने, कुठल्या देशात, सगळं मोजून लिहायचं. सुनिलचं टेबल नावांचं. कोणाची चाल, वाजवली कोणी, वारस कोण, ते शोधून तक्त्यात भरायचं.

हे ऐकून धाऊचा चेहरा असा फुलला की मला वाटलं हा आता चहाचे पैसे देतो. "म्हंजी तुझ्याकडं आपल्यावाणीच तिसरा रकाना हाय," तो म्हणाला. चहाचे पैसे मीच दिले.

हा कागद येण्याआधीच्या दिवाळीत सुनिल मोबाइलवर एक चाल घेऊन मामाकडे आला. टाकीवाल्यांना ही चाल हवी होती. परवाना त्यांच्या हिशेबाबाहेर गेला, म्हणून ऑफिसच्या साहेबांनी तोडगा काढला: तशीच वाटेल पण ती नसेल अशी चाल आपल्याकडच्या कोणाकडून वाजवून घ्यायची. त्या धंद्यात असं चालतं म्हणे. सुनिलनं लगेच मामाचं नाव सांगितलं. ही सगळी हकिकत मला नंतर कळली. मामाला त्यानं तेव्हा एवढंच सांगितलं, की चाल जुनी आहे, तिकडच्या कुठल्या तरी गावच्या लग्नातली. मालक कोणी नाही, बेवारस. फक्त चार-पाच जागा बदलून वाजवा.

धाऊनं आठ दिवस ती चाल ऐकली. पडवीत बसून, शेतात जाताना, एसटीत. नवव्या दिवशी माझ्या दुकानात येऊन त्यानं वही काढायला सांगितली. चालीचं नाव काय लिहायचं ते कळेना, म्हणून "टाकीची" असं लिहिलं. तिसऱ्या रकान्याशी आल्यावर मी म्हणालो, रिकामा सोडू का. तो म्हणाला, "सुनिलला विचारणे, असं लिही." नारळ त्यानं मारुतीला फोडला.

त्याच दिवशी त्यानं मला त्या चालीतली एक जागा ऐकवली. लांबलचक सूर, कोणीही एका दमात घेऊन जाईल असा, पण तो परदेशी माणूस मधेच, अकराव्या सेकंदाला, एवढासा श्वास घेतो. धाऊला ती जागा सुटत नव्हती. "दम संपला म्हणून नाय घेतला त्यानं. पुढं कायतरी दिसलं आनि थांबला," तो म्हणाला. मी म्हणालो, तुला तर बदलायला सांगितलंय, तीच जागा बदल. त्यावर धाऊ जे बोलला ते मला अजून आठवतं. "बेवारस मेला म्हणून त्याच्या अंगावरचं काढून घेतो का आपण?"

म्हणजे लक्षात घ्या. शहाण्या माणसानं चार सूर इकडचे तिकडे केले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. चोरी पचली असती. धाऊ प्रामाणिक निघाला आणि चोरीत सापडला.

अंधेरीच्या स्टुडिओत त्यानं दोनदा वाजवलं. जशीच्या तशी, श्वासासकट. टाकीवाले खूश झाले. सुनिलनं मामाला सात हजार दिले आणि इंग्रजी कागदावर सही घेतली. कसला कागद विचारलं तर म्हणाला, पावती. धाऊनं मराठीत, गोल अक्षरात सही केली. मुरबाडला आल्यावर मला त्या कागदाचा फोटोसुद्धा पाहायला मिळाला नाही, कारण भाच्यानं दिलेल्या पावतीचा फोटो कोण काढतो?

होळीपासून जाहिरात सुरू झाली. उन्हाळाभर टीव्हीवर टाकी आणि टाकीवर धाऊचं क्लॅरिनेट. गावात टीव्ही लागला की बायका "गो, मास्तर आला" म्हणून एकमेकींना हाका मारायच्या. लग्नात नवरदेवापेक्षा टाकीच्या चालीला मागणी. भिमा किन्हवलीहून फोन करून सांगायची, की सुनिलनं मामाचं नाव काढलं. आणि गणपतीच्या तोंडावर हा चार पानी कागद आला.

रविवारी सुनिल आला. मित्राची गाडी, हातात पेढ्याचा पुडा, बगलेत प्लास्टिकचं फोल्डर. मामाच्या घरी न जाता त्यानं मामाला माझ्या दुकानात बोलावलं, कारण घरी मामी होती आणि दुकानात प्रिंटर. मी शटर अर्धं ओढून घेतलं.

त्यानं सुरुवात लांबून केली. लोड घेऊ नका म्हणाला. ही नुसती फॉर्मॅलिटी आहे, तिकडच्या वकिलांना एक कागद दाखवायचा, मग ते ऑफिसला सोडतील. चाळीस लाख कोणी मागत नाही, तो आकडा घाबरवायला असतो. आणि मागून मागून मामाकडून घेणार काय? दोन एकर आणि चौदा कोट?

धाऊनं पेढ्याचा पुडा उघडला नाही. त्यानं विचारलं, "तिला कळलं कसं? त्या मुलीला."

सुनिलनं फोल्डरमधून एक कागद काढला. तिनं लिहिलेलं पत्र होतं, तिकडच्या भाषेतलं, खाली इंग्रजी. ते मी वाचून दाखवलं. तिचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. त्यांचं एक फुफ्फुस निकामी झालं होतं. लांब सूर त्यांना एका दमात जमत नसे, म्हणून ते अकराव्या सेकंदाला श्वास घेत. ही चाल बऱ्याच जणांनी वाजवली, पण तो श्वास कोणी घेत नाही. हिंदुस्थानातली जाहिरात कोणीतरी तिला मोबाइलवर पाठवली, तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. तिला वाटलं वडील वाजवतायत.

पस्तीस वर्षं धाऊ वाजवतो आहे. लोकांनी नोटा उधळल्या, शिट्ट्या मारल्या, एका आमदारानं शाल दिली. पण असं ऐकणारं माणूस त्याला पहिल्यांदा भेटलं, आणि तेही वकिलाच्या पाकिटातून.

"खाणीत होता," धाऊ म्हणाला. "मला वाटलं पुढं कायतरी दिसलं."

मग तो सुनिलकडे वळला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, सुनिलला बोलायला जागा झाली असती.

"तुला ठाव होतं त्याचं नाव?"

"ऑफिसच्या तक्त्यात होतं."

"तक्ता कोन भरतो?"

सुनिल फोल्डरचं बटण उघड-बंद करायला लागला.

"मुलगी हाय, ते पन होतं त्यात?"

"होतं."

"मंग मला बेवारस कशाला सांगितलास?"

"तुमी वाजवलं नसतं, मामा."

हे वाक्य त्यानं इतक्या सहज म्हटलं की मला आधी ते समजुतीचं वाटलं. त्याला मामा पुरता माहीत होता. आणि जे माहीत होतं, त्याचाच त्यानं उपयोग केला.

"आन स्टुडिओत? मी कायच बदललं नव्हतं. तुला कळलं नसंल असं म्हणू नको. तुझा कान माझ्याच पडवीत पिकलाय."

"कळलं होतं. पण क्लायंटला आवडलं ना, मामा. वरून साहेबांनी घाई लावलेली. मला वाटलं, एवढं कोण ऐकतंय."

आता त्यानं दुसरा कागद काढला. कबुलीजबाब. धाऊनं मला मराठीत वाचायला सांगितलं, एक शब्द न गाळता. मी वाचलं. मी, धाऊ अमुक तमुक, व्यवसायानं वादक, मी ऑफिसला व त्यांच्या कर्मचाऱ्यांना अंधारात ठेवलं. परक्याची चाल माझी म्हणून दिली. ऑफिसचा किंवा कोणाही कर्मचाऱ्याचा यात दोष नाही. मी मनापासून माफी मागतो. मी असले बरेच कागद टाइप केले आहेत, पण बळी जाणाऱ्याकडूनच सुरी धुऊन मागणारा इतका नीटनेटका कागद पहिलाच.

सही नाही केली तर काय, हे सुनिलनं कोणी विचारण्याआधीच सांगितलं. ती पावती कोणी बनवली याचा ऑफिस शोध घेईल. पावती त्यानंच टाइप केली होती, चाल मामाची स्वतःची आहे हे वाक्यही त्याचंच. नोकरी जाईल, पोलिसांत नाव जाईल. आसनगावच्या खोलीचे हप्ते आहेत. वैशाखात सोनालीशी लग्न ठरलंय, तिच्या घरच्यांना कळलं तर ते मोडतील.

"भिमाला ठाव हाय?" धाऊनं विचारलं.

"आईला कशाला सांगू?"

"नको सांगू," धाऊ म्हणाला.

त्यानं एकच मागणी केली. कागदात त्या माणसाचं नाव नुसतं "मूळ रचनाकार" असं होतं, तिथं पूर्ण नाव घाला. सुनिल म्हणाला, ड्राफ्ट फायनल आहे, वकिलांनी पास केलाय, आता शब्द हलवता येत नाही. धाऊनं सही केली. मग सहीच्या खाली, त्याच गोल अक्षरात, मला एकेक अक्षर विचारत लिहिलं: चाल फ्रान्तिशेक व्होंद्रा यांची. सुनिल कागद ओढायला पुढं झाला, खराब होईल म्हणाला. मी म्हणालो, राहू दे रे, तिकडं मराठी कोण वाचतंय. तेव्हा त्यानं हात मागे घेतला.

तो गेल्यावर धाऊनं मला विचारलं, परदेशी नारळ जातो का. मी दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन विचारून आलो. जात नाही.

ऑफिस सुटलं. पण कबुलीचा कागद फोल्डरमध्ये राहिला नाही. टाकीवाल्यांना आपलं नाव धुऊन घ्यायचं होतं, त्यांनी तो कुठं कुठं पाठवला, आणि मोबाइलवर बातम्या देणाऱ्या एका पोरानं मथळा लावला: मुरबाडच्या वादकाची चोरी, लेखी माफी. माफी शब्दाला लाल रंग. उन्हाळ्यात ज्यांनी मास्तर आला म्हणून टीव्ही मोठा केला होता, तेच आता मास्तर, आमच्या मोरीची पन टाकी घेऊन जा, असं म्हणायला लागले. म्हसा गावच्या जत्रेत वीस वर्षं धाऊचा बँड असायचा. यंदा बोलावणं आलं नाही. मंडळाच्या माणसानं मला येऊन सांगितलं, की तसं काही नाही, एक वर्ष जाऊ दे. सुपाऱ्यांच्या वहीत मी त्या पानावर रेघ मारली. धाऊनं कोणालाच खरं काय ते सांगितलं नाही. मी सांगायला गेलो, तर त्यानं भिमाची शपथ घातली.

वैशाखात किन्हवलीला लग्न झालं. मांडव मोठा, डीजे कल्याणचा. ज्याचं अक्षर बरं त्याच्या हाती आहेराची वही देतात, म्हणून मी मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून बसलो होतो. आमच्याकडे नवऱ्याच्या मामाचा आहेर पहिला. पहिली ओळ त्याची, माइकवर नावही त्याचंच आधी पुकारायचं. मी ओळ मोकळी ठेवून दुसरीपासून लिहायला लागलो होतो.

धाऊ वेळेवर आला होता. धोतर, पांढरा सदरा, टोपी. मंगलाष्टकांना मामानं नवऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं असतं. भटजींनी दोनदा मामा मामा म्हणून हाक मारली, तेव्हा धाऊनं कंबर धरल्याचं सांगून चुलत भाऊ कमळूला पुढं केलं. कमळूनं हौसेनं नारळ हातात घेतला. कोणाला काही वावगं वाटलं नाही. अंतरपाट धरला असताना सुनिलनं दोनदा मागे वळून पाहिलं, भटजी त्याला रागावले.

अक्षता पडल्यावर धाऊ माझ्या टेबलाशी आला. पिशवीतून एकेक वस्तू काढून ठेवली. भिमाला लुगडं, नवऱ्याला कपडे, नवरीला साडी, पितळेची समई, पाकीट. रिवाजाला धरून जेवढं व्हायला हवं तेवढं सगळं होतं, वर एक खण जास्तच.

मी पेन उचललं. "नवऱ्याचा मामा," असं पुटपुटत पहिल्या ओळीवर अक्षर काढायला लागलो.

धाऊनं माझ्या मनगटावर बोट ठेवलं.

"तसं नको."

"मंग काय लिहू?"

"भिमाचा भाऊ."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समईचा दांडा फिरवून घट्ट बसवत होता.

मी तसंच लिहिलं. माइकवाल्यानं वही ओढून घेतली आणि काही न समजता मोठ्यानं वाचलं. स्टेजवर सुनिल फोटोसाठी हसत उभा होता, त्याची मान वळली. पण तोवर धाऊ पंगतीकडे गेला होता. भिमा बायकांच्या पंगतीतून उठून आली आणि त्याच्या शेजारी पाट ओढून बसली. तिनं त्याच्या पानात मीठ वाढलं. मग दोघं जेवायला लागली.